वळताना कट-कट येऊलाय: वेगवान गाडीचे शाफ्ट आणि डिफरन्शियल

माझ्या टेबलावर एक तुटका एक्सल, म्हणजे गाडीचं चाक फिरवणारा दांडा, आहे. अंगठ्याहून जाड, वीतभर लांब तुकडा. एका टोकाला दाते पाडलेले, दुसरं टोक तुटलेलं. मोडीत टाकायला मन झालं नाही, कारण त्या तुटलेल्या तोंडावर सगळी हकिगत लिहिलेली आहे. ती वाचता मात्र यायला हवी.

हा एक्सल माझ्या मावसभावाच्या गाडीचा. टर्बो पेट्रोल सेडान, पुढच्या चाकांवर चालणारी, घेतल्यावर सहा महिन्यांतच ट्यूनिंग बदलून ताकद वाढवलेली. दोन वर्षांपूर्वी जुलैत तो बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याला निघाला होता. कणकुंबीच्या अलीकडे पाऊस कोसळत होता आणि पुढे एक ट्रक अडकला होता. थांबून पुन्हा निघताना त्याने क्लच जरा झटक्यात सोडला. चाक ओल्या डांबरावर फिरलं, मग एकदम पकडलं आणि 'खट्ट' आवाज झाला. त्यानंतर इंजिन चालू, गिअर पडतोय, रेस दिली की इंजिन गुरगुरतंय, पण गाडी जागची हलेना. फोनवर त्याचं पहिलं वाक्य होतं, "दादा, गिअरबॉक्स गेला बघ."

गिअरबॉक्स शाबूत होता. डावा एक्सल तुटला होता आणि उजवा धडधाकट होता. मग एका धडधाकट एक्सलवर गाडी रखडत का होईना, पुढे का सरकली नाही? हा प्रश्न नीट सोडवला की डिफरन्शियल नावाची वस्तू निम्म्याहून जास्त समजते. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गिअर आणि शाफ्टच्या कामात वीस वर्षं काढली आहेत, आणि माझ्या मते ही गोष्ट प्रत्येक गाडीवाल्याला कळली पाहिजे. आपल्या भागात तर जास्तच. शनिवारी सकाळी खानापूर रोडला उभं राहिलात तर केए-२२, एमएच-०९, एमएच-१२ नंबरच्या एकाहून एक ताकदवान गाड्या चोर्ला घाटाकडे जाताना दिसतात. त्यांतल्या कितीतरी मालकांना आपल्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तोंडपाठ असतो. तो चाकापर्यंत कोण नेतं, हे मात्र ठाऊक नसतं.

खळ्यावरचे बैल

आधी नावं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब नळीसारखा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. मागच्या बाजूला ज्या गोळ्यात तो शिरतो त्यात क्राउन-पिनियन (शाफ्टच्या टोकाचा छोटा पिनियन गिअर आणि तो फिरवतो ते मोठं क्राउन व्हील) आणि डिफरन्शियल असतं. गॅरेजमध्ये या सगळ्याला मिळून नुसतं 'क्राउन' म्हणतात. तिथून डाव्या-उजव्या चाकाकडे जाणारे दांडे म्हणजे एक्सल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट नसतो. डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच बसवलेलं असतं आणि एक्सल तिथूनच निघतात.

डिफरन्शियल लागतं कशाला? मळणीच्या खळ्यावर फिरणारे बैल ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि कडेचा बिचारा पळत असतो. गाडीच्या चाकांचंही तेच. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा. घाटातल्या पूर्ण उलट्या वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. वळण मोठं असो की अरुंद, हा फरक तेवढाच राहतो. साध्या मोटारीच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका वळणात बाहेरचं चाक दोनाहून जास्त फेरे आगाऊ मारतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर प्रत्येक वळणावर एक चाक रस्त्यावर घासत गेलं असतं आणि दांड्याला पीळ पडला असता.

यावरचा उपाय जुना आहे. १८२० च्या दशकात पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी तो काढला, आणि आज साध्या गाडीत जे डिफरन्शियल असतं त्याचा गाभा तोच आहे. क्राउन व्हीलबरोबर एक पिंजरा फिरतो. पिंजऱ्यात एका पिनवर दोन छोटे गिअर बसवलेले असतात आणि ते दोन्ही एक्सलच्या टोकांच्या गिअरमध्ये गुंतलेले असतात. गाडी सरळ जाताना छोटे गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत, नुसते ढकलतात. वळणावर ते स्वतःभोवती फिरून एका बाजूचे फेरे काढून दुसऱ्या बाजूला देतात.

आता खळ्यावरून जुवाकडे या. मधोमध खिळ्यावर डोलणाऱ्या जुवाला दोन बैल जोडले आहेत अशी कल्पना करा. जू मधून ओढलं जात असल्याने दोन्ही टोकांना जोर सारखाच मिळतो. एका बैलाने अंग टाकलं की जू त्या बाजूला फिरतं, आणि दुसरा बैल कितीही दमदार असला तरी गाडा हलत नाही. छोटा गिअर म्हणजे नेमकं हेच जू. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच जोर देतं, आणि तो जोर ठरतो कमी पकड असलेल्या चाकावरून. चिखलातलं चाक २० एककांचा जोर पेलत असेल तर डांबरावरच्या चाकालाही २०च मिळतात.

भावाच्या गाडीत डावा एक्सल तुटला म्हणजे डाव्या टोकाला बैलच उरला नाही. विरोध शून्य, म्हणून उजव्या बाजूलाही शून्य. इंजिनाची सगळी ताकद त्या तुटक्या टोकाला गरागरा फिरवण्यात जात होती. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून धरणारी इलेक्ट्रॉनिक सोय त्या गाडीत होती, पण तिचाही उपयोग नव्हता. तुटलेला भाग चाकाच्या आत होता, आणि चाक धरून त्या टोकाला अडवता येत नाही.

जू आवळून धरणारे

अथणी, चिकोडी, गोकाककडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना यावरचा उपाय कधीचा माहीत आहे. ओल्या शेतात एक चाक फिरायला लागलं की ते पायाने डिफ-लॉकचं पेडल दाबतात. दोन्ही चाकं एकजीव होतात आणि ट्रॉली निघते. पण कडक रस्त्यावर वळताना तो लॉक राहिला तर काय होतं, तेही ते सांगतील. म्हणून वळायच्या आधी पाय काढायचाच. महिंद्राच्या थारमध्ये मागच्या एक्सलला मेकॅनिकल लॉक मिळतो. त्याचं काम हेच, फक्त पाय न लावता होतं.

रस्त्यावर वेगाने पळणाऱ्या गाडीला पूर्ण लॉक चालत नाही. तिला वळताही आलं पाहिजे आणि एक चाक सुटलं तरी दुसऱ्याने ओढलंही पाहिजे. त्यासाठी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असतं. त्याचा एक प्रकार क्लच प्लेटांचा: पिंजऱ्यात बारीक प्लेटा रचलेल्या असतात, जोर वाढला की त्या आवळतात आणि दोन चाकांना एकमेकांपासून फार दूर जाऊ देत नाहीत. दुसरा प्रकार टॉर्सन. अमेरिकेतल्या व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात प्लेटा नसतात, वर्म गिअरसारख्या तिरक्या दात्यांचं घर्षणच अडवण्याचं काम करतं. तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक, ज्यात क्लच किती आवळायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. २०२० मध्ये भारतात मोजक्या संख्येने आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये पुढच्या चाकांसाठी असंच डिफरन्शियल होतं.

टॉर्सनची एक खोड लक्षात ठेवा. पकड असलेल्या चाकाला ते कमी पकडीच्या चाकाच्या काही पट जोर देतं. दुसरं चाक हवेत असेल तर शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी ब्रेक अलगद दाबायचा, म्हणजे हवेतल्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि गणित पुन्हा सुरू होतं.

आपल्या गाडीत साधं डिफरन्शियल आहे की क्लच प्लेटांचं, हे मालकाला माहीत नसेल तर गाडी नीट आधारावर उचलून, इंजिन बंद ठेवून, गिअरमध्ये ठेवा आणि ओढणारं एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर साधं. हाताने फिरायला जड जात असेल किंवा दोन्ही मिळून एकाच दिशेने जाऊ पाहत असतील तर आत प्लेटा आहेत. टॉर्सन या परीक्षेत अनेकदा साध्यासारखंच वागतं. हे माहीत असणं तेलासाठी महत्त्वाचं आहे. प्लेटांच्या डिफरन्शियलला वेगळं मिश्रण असलेलं तेल लागतं. साधं भरलं तर पार्किंगमध्ये वळवताना मागून घरघर आणि थरथर येते. त्याला घाबरून लोक क्राउन उघडायला लावतात, आणि कित्येकदा नुसतं योग्य तेल भरून ते काम मिटलं असतं.

४०० चे ४,८०० कसे होतात

आता भार किती असतो ते पाहू. समजा, इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन मीटर आहे. पहिल्या गिअरचं प्रमाण चारास एक धरलं की गिअरबॉक्समधून १,६०० बाहेर पडतात. क्राउन-पिनियनचं प्रमाण तिनास एक धरलं की ४,८०० होतात. दोन एक्सलवर वाटले तर प्रत्येकी २,४००. हा आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगतो: एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सत्तर किलोचा माणूस लोंबकळला तर सुमारे ७०० न्यूटन मीटर होतात. म्हणजे प्रत्येक एक्सलला साडेतीन माणसं लोंबकळत आहेत.

तरीही चांगला एक्सल या भाराने तुटत नाही, कारण त्याआधी टायर सुटतो. वरच्या हिशेबात प्रत्येक चाक रस्त्याला सुमारे ७६० किलोच्या जोराने मागे ढकलू पाहतं. पण त्या टायरवर साधारण पाचशे किलोच वजन असेल, तर कोरड्या डांबरावरही तो पाचशेच्या आसपास घसरायला लागतो. मीटरच्या पेटीतला फ्यूज वायर वाचवतो, तसा टायर एक्सल वाचवतो. ट्रॅकसाठीचे चिकट टायर घातले की हा फ्यूज जाड होतो. इंजिनाला हातही लावलेला नसताना एक्सलवरचा भार वाढतो. नवे महागडे टायर घातल्यावर महिन्याभरात एक्सल गेला, अशा तक्रारींत टायरवाल्याला आणि एक्सलवाल्याला दोघांनाही शिव्या बसतात, पण भार का वाढला हे कोणी सांगत नाही.

खरा वैरी वेगळाच आहे. नारळ दोन्ही हातांनी कितीही दाबा, फुटत नाही. दगडावर आपटला की फुटतो. पाच हजार फेऱ्यांवर इंजिन नेऊन क्लच झटक्यात सोडला की फ्लायव्हीलमध्ये (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकात) साठलेला जोर एका क्षणात शाफ्टवर येतो. त्या क्षणी एक्सलला बसणारा पीळ इंजिनाच्या कागदावरच्या टॉर्कवरून काढलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त असतो. त्याहून वाईट म्हणजे चाक फिरायला लागून मग पकडणं, पुन्हा सुटणं, पुन्हा पकडणं. गाडी निघताना पुढून धडधडधड असे ठोके बसतात ते हेच. एक्सल स्प्रिंगसारखा पिळतो, सुटतो, पुन्हा पिळतो, आणि सेकंदात कित्येक हातोडे बसतात. अमेरिकेत कॅडिलॅकने आपल्या सीटीएस-व्ही गाडीच्या मागे एक जाड आणि एक बारीक असे दोन वेगळे एक्सल बसवले, ते याच धडधडीसाठी. दोघांचा पिळण्याचा ताल वेगळा असला की ठोके एकमेकांना साथ देत नाहीत.

निघताना अशी धडधड झाली तर पाय लगेच उचला. माझ्या अनुभवात एवढ्या एका सवयीने जेवढे एक्सल वाचतात तेवढे महागड्या पार्टने वाचत नाहीत.

रबरी बूट

एक्सलच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनातही एकसारखं फिरवणारे जोड, असतात. साध्या क्रॉसच्या जोडात (युनिव्हर्सल जॉइंटमध्ये) एक दोष आहे. शाफ्ट कोनात असला की एका बाजूने एकसारखा फिरवला तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन दहा अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्का वरखाली. तीस अंशांना तो इतका वाढतो की स्टिअरिंगला हादरे बसतील. प्रोपेलर शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस देऊन एकाचा दोष दुसऱ्याने खोडून काढता येतो, पण त्यासाठी दोघांचे काटे एका रेषेत लागतात आणि कोन सारखे लागतात. शाफ्ट खोलून परत जोडताना एक दाता सरकला तरी गाडी थरथरायला लागते. म्हणून खोलायच्या आधी दोन्ही भागांवर रंगाची किंवा पंचची खूण करून घ्यायची.

पुढच्या चाकांना ओढायचंही आणि वळायचंही असतं, तिथे क्रॉस चालत नाही. फोर्डमधले इंजिनिअर आल्फ्रेड रझेपा यांनी १९२० च्या दशकात सहा गोळ्यांचा जोड काढला. गोळ्या नेहमी दोन शाफ्टमधल्या कोनाच्या बरोबर मधल्या पातळीत राहतात, त्यामुळे फिरणं एकसारखं होतं. १९५९ च्या मिनी गाडीनंतर हा जोड घरोघरी पोचला. आज आपल्या बहुतेक मोटारींच्या बाहेरच्या टोकाला तोच आहे. आतल्या टोकाला बहुधा तीन रोलरचा ट्रायपॉड असतो, कारण सस्पेन्शन वरखाली होताना एक्सलची लांबी कमीजास्त व्हावी लागते.

हे दोन्ही जोड ग्रीसवर जगतात आणि ते ग्रीस घड्या असलेल्या रबरी बुटात कोंडलेलं असतं. बूट फाटला की फिरणारं चाक ग्रीस भिरकावून देतं आणि त्या जागी बाहेरचं आत येतं. खानापूर, जांबोटीकडे लाल जांभ्याची माती, सौंदत्तीकडे काळी. दोन्ही बारीक, दोन्ही पावसात पाण्याबरोबर आत शिरणाऱ्या. ग्रीसमध्ये मिसळलेली ही माती म्हणजे गोळ्यांना दिलेली पॉलिश पेपरची खुराक. थोड्याच दिवसांत गोळ्यांच्या वाटा खोल होतात आणि पूर्ण वळताना कट-कट-कट असा आवाज सुरू होतो.

भावाच्या गाडीचं तेच झालं होतं. "दादा, वळताना कट-कट येऊलाय," असं त्याने मला गणपतीत सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, बूट बघून घे. त्याने बघितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. मे महिन्यात गाडी गॅरेजला गेली तेव्हा जॉइंट इतका तापून झिजला होता की दांड्यावरून निघेना. तो कापून काढताना दांडाही गेला. मूळ एक्सल यायला वेळ लागणार होता, म्हणून एका ठिकाणी लेथवर दांडा करून घेतला आणि नवा जॉइंट चढवला. जुलैत कणकुंबीला तुटला तो हाच दांडा.

आवाजावरून दोष ओळखायला शिकलात तर पुष्कळ पैसे वाचतात. वळताना कट-कट म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट. सरळ रस्त्यावर रेस देताना पुढून अंग हलल्यासारखी थरथर आणि पाय काढला की बंद, म्हणजे आतला ट्रायपॉड. गाडी खाली बसवलेल्यांना हा त्रास लवकर होतो, कारण एक्सल कायम तिरका राहतो. उभ्या गाडीत गिअर टाकताना मागून 'टक्' म्हणजे प्रोपेलरचा क्रॉस किंवा क्राउनमधला वाढलेला प्ले (ढिलेपणा). ठराविक वेगालाच येणारी आणि त्यापुढे जाणारी थरथर म्हणजे शाफ्टचा बॅलन्स किंवा मधलं बेअरिंग.

लांब प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांत का करतात, तेही यातच आलं. उड्या मारायची दोरी मधे फुगते तसा लांब शाफ्ट एका विशिष्ट वेगाला मधोमध फुगू लागतो. लांबी निम्मी केली तर तो वेग चौपट पुढे ढकलला जातो. वरच्याच हिशेबाची गाडी ताशी २५० किलोमीटरने पळाली तर तिचा प्रोपेलर मिनिटाला सहा हजारांवर फेरे घेतो. त्या वेगाला फुगलेला शाफ्ट गाडीची तळपट्टी फोडून आत येऊ शकतो. निस्सान जीटी-आरने कार्बनचा शाफ्ट उगाच वापरलेला नाही. तो हलका आणि ताठ असल्याने फुगण्याचा वेग आणखी वर जातो.

तेल, उष्णता आणि कागदाएवढी फट

क्राउन-पिनियनचे दाते साध्या गिअरसारखे नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, ते घासत सरकतातही. त्यामुळे त्यांना जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. त्यातलं गंधक आणि फॉस्फरस तापलेल्या धातूवर एक पातळ थर तयार करतं आणि दाते एकमेकांना चिकटू देत नाही. हेच तेल काही गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना मानवत नाही, म्हणून 'गिअर ऑइल' एवढंच बघून दोन्हीकडे एकच डबा ओतू नका.

घाटात जोरात चढताना किंवा ट्रॅकवर सलग फेरे मारताना ते तेल तापतं, पातळ होतं, थर टिकत नाही. पहिली हाक ऐकू येते ती गुंजनाची. रेस देताना गुंजतं आणि सोडल्यावर बंद होतं, किंवा उलट. ऐकताना टायरच्या आवाजाशी गल्लत होते. रस्ता बदलला की बदलतो तो टायर, आणि पायाबरोबर बदलतो तो क्राउन. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तेल बदलताना त्यावरचा गाळ बोटांत चोळून बघा. काळ्या लोण्यासारखा लागला तर चालतं. बोटाला टोचणारे चकचकीत कपचे लागले तर दाते किंवा बेअरिंग सुटायला लागलं आहे.

क्राउन उघडून बसवणं हे मात्र ज्याचं काम त्यानेच करावं. दात्यांमधली फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर ठेवावी लागते, म्हणजे वहीचा एक ते दोन कागद. डायल लावून ती मोजायची, दात्यांना निळा रंग लावून डाग कुठे पडतो ते बघायचं, आणि मगच बंद करायचं. 'हाताने हलवून बघितलं, बरोबर आहे' असं कोणी म्हणत असेल तर गाडी तिथून काढा.

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी एक गोष्ट. एकच टायर फाटला म्हणून एकच नवा घातला, तर पाच मिलिमीटर व्यासाच्या फरकानेही शंभर किलोमीटरमध्ये चाकांच्या फेऱ्यांत चारशेच्या जवळपास फरक पडतो. पुण्याला जाऊन येईपर्यंत पुढच्या आणि मागच्या चाकांमधला क्लच किंवा डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतं. टायर जोडीने, आणि कंपनी सांगत असेल तर चारही बदलावेत.

तुटलेलं तोंड

आता टेबलावरच्या तुकड्याकडे. शाळेतला एक खडू घ्या आणि दोन्ही टोकं धरून पिळा. तो गोल गोल तिरका, जिन्यासारखा तुटतो. ठिसूळ वस्तू पिळल्यावर ४५ अंशांत तुटते. एक्सल असा जिन्यासारखा तुटला असेल तर एक तर तो फार कडक झालेला होता किंवा जबर धक्का बसला. मऊ पोलाद जास्त भाराने तुटलं की तोंड गाजर कापल्यासारखं सपाट येतं आणि दाते आधी पिळून तिरके झालेले दिसतात.

माझ्याकडच्या तुकड्यावर तिसरीच खूण आहे. कडेच्या बाजूने आत सरकत गेलेल्या बारीक रेषा, ओढ्याचं पाणी ओसरताना काठावर राहतात तशा, आणि मधे तेवढा खडबडीत राखाडी गोल. म्हणजे तो त्या दिवशी तुटला नाही. अनेक आठवडे प्रत्येक धक्क्याला थोडा थोडा चिरत होता. त्या दिवशी फक्त मधला उरलेला गाभा सुटला. चीर सुरू झाली ती जॉइंट अडकवणारी लॉकची रिंग बसवायच्या खाचेतून. भिंगाखाली बघितलं तर खाचेचा कोपरा सुरीसारखा धारदार आहे. कारखान्यातल्या एक्सलला तो गोलसर असतो, कारण धारदार कोपऱ्यावर ताण एकवटतो. पोलादही हार्डनेस टेस्टरवर लावून पाहिलं. ते साधं, उष्णता न दिलेलं निघालं. मूळ एक्सलचा पृष्ठभाग कडक करून आतला गाभा चिवट ठेवलेला असतो, उडीद वडा बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ असतो तसा. पीळ सगळ्यात जास्त बाहेरच्या कातडीला बसतो, म्हणून कडकपणा तिथे हवा.

हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण आपल्या बेळगावात हे काम उत्तम करणारे हात आहेत. फाउंड्री, गिअर कटिंग, हीट ट्रीटमेंट, सगळं तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे एका टापूत मिळतं. असा दांडा इथे नीट बनू शकतो: ईएन-२४ सारखं पोलाद, गोल कोपरे, व्यवस्थित हीट ट्रीटमेंट, शेवटी ग्राइंडिंग आणि तडे बघण्याची तपासणी. फक्त करून घेणाऱ्याने 'माप बरोबर आहे ना' एवढ्यावर न थांबता मटेरियल कोणतं आणि हार्डनेस किती, हेही विचारायला हवं. मी ते भावासाठी विचारायला हवं होतं.

त्यानंतर जूनच्या आधी घरातल्या आणि नात्यातल्या सगळ्या गाड्या टिळकवाडीतल्या आण्णांच्या गॅरेजमध्ये मी स्वतः लिफ्टवर चढवतो. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायचं म्हणजे बुटाच्या घड्या उघडतात. मग बोट प्रत्येक घडीच्या खाचेतून फिरवायचं, कारण चीर तिथेच असते आणि डोळ्याला दिसत नाही. क्लिप सैल आहे का ते बघायचं. सगळ्यात शेवटी चाकाच्या रिमची आतली बाजू.

गेल्या आठवड्यात शेजारच्या लिफ्टवर एका पोराची नवीकोरी दिसणारी टर्बो गाडी होती. आण्णांनी तिच्या रिमच्या आत टॉर्च मारला आणि मला हाक मारली. काळ्या ग्रीसची एक बारीक रेघ अर्धवर्तुळात उडालेली होती. बुटाच्या तिसऱ्या घडीत नखाएवढी चीर. जॉइंट अजून घट्ट होता, आवाज सुरू झाला नव्हता. पोरगा म्हणाला, "उद्या पहाटे गोव्याला जाऊलोय, आल्यावर करूया की." आण्णांनी त्याला काही न बोलता टॉर्च हातात दिला आणि चीर कुठे आहे ते दाखवलं. मी घरी जाऊन टेबलावरचा तुकडा आणून त्याच्या हातात ठेवला. बूट, दोन क्लिपा आणि ग्रीसची पिशवी, काम दीड तासाचं होतं. तो थांबला.